सहाव्या नियमातलं दुसरं वाक्य

त्या हंगामात आमच्या घरात माणसांपेक्षा कात्र्या जास्त झाल्या होत्या. बोथट टोकाच्या, बोटभर पात्याच्या, लाल मुठीच्या. रोज संध्याकाळी आई त्या मोठ्या पातेल्यात उकळून काढायची आणि सोप्यात आबांचं जुनं धोतर अंथरून त्यावर वाळत घालायची. सकाळी चहाच्या आधी मी त्या उचलून ट्रेमध्ये लावायचे, सगळ्यांची टोकं एका दिशेला. एखादी उलटी दिसली की मला चैन पडत नसे. माझ्या या सवयीला तुमची आई, माझी लेक, अजून हसते, आणि मागच्या सुट्टीत तुम्ही दोघांनी माझ्या मसाल्याच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या मुद्दाम बदलून ठेवल्या होत्या ते मी विसरलेले नाही. हसा. पण या प्रकरणात हसण्यासारखं फारसं नाही, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

आमचं गाव तासगावपासून एसटीने अर्ध्या तासावर. माझे वडील, म्हणजे आबा, द्राक्षं लावणाऱ्या गावातल्या पहिल्या काही जणांपैकी. तोवर आमची द्राक्षं सांगली-कोल्हापूरच्या बाजारात, फार तर मुंबईला जायची आणि उरलेल्या मालाचा बेदाणा व्हायचा. त्या वर्षी आबांनी आणि गावातल्या आणखी काही बागायतदारांनी मिळून माल परदेशी धाडायचं ठरवलं. मुंबईचा एक व्यापारी मध्ये होता. घरामागची ट्रॅक्टरची शेड चुना मारून पांढरी केली, खिडक्यांना जाळ्या बसवल्या, खाली सिमेंट ओतलं. तिला सगळे ‘पॅकिंग’ म्हणू लागले. आईसुद्धा म्हणायची, ‘आबा पॅकिंगात हायेत, तिकडंच भाकरी धाड.’

मी तेव्हा नुकतीच इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते. सांगलीला विश्रामबागेत मावशीकडे राहून शिकले आणि परत आले ती मनगटावर घड्याळ, खांद्याला पिशवी आणि बांगड्या नाहीत अशी. आई दोन दिवस माझ्या हातांकडे बघत राहिली, मग तिने बघणं सोडलं. दिवस उन्हाचे सुरू होत होते. पहाटे फवारणीच्या पंपाचा फटफट आवाज, बागेत पाखरं हाकणाऱ्या राखणदाराचा पत्र्याचा डबा, चुलीपाशी भाकरी थापल्याचा थप थप, आणि सातच्या एसटीचा वळणावरचा भोंगा. जेवायला ज्वारीची भाकरी, मिरचीचा खरडा, घट्ट दही आणि वाटीभर द्राक्षं असायचीच. आम्हाला पिवळसर, अंबरी झालेला मणी गोड. आबा बागेतून फिरताना एखादा असा घड तोडून आणायचे आणि आईच्या ताटात ठेवायचे. एवढाच काय तो त्यांचा प्रेमळपणा चारचौघांत दिसायचा. परदेशी मालाच्या रंगीत तक्त्यात मात्र त्या पिवळ्या मण्यावर फुली होती. त्यांना हवा तो हिरवा, करकरीत, मापाच्या प्लास्टिकच्या कडीतून खाली न पडणारा मणी. आबा आता घड चाखत नसत, कडी लावून बघत. एकदा आई म्हणाली, ‘अवं, आपल्याला गोड लागतंय ते त्यास्नी चालत न्हाई, म्हंजी त्यांची जीभ कशाची हाय?’ आबा म्हणाले, ‘जीभ न्हाई, जहाज हाय मधी. तितं पोचेपतोर टिकाय नगो?’ आणि त्यांनी आईच्या ताटात घड ठेवणं कधी बंद केलं हे मला आठवतही नाही, इतक्या सहज ते झालं.

द्राक्षाच्या कामाला बायकांची टोळी असते. फुलोऱ्यानंतर घडातले जादा मणी काढायची विरळणी, नंतर तोडणी, नंतर पेट्या भरणं. हे सगळं हातांचं आणि डोळ्यांचं काम. आमच्या टोळीची मुख्य होती हौसाक्का. चाळिशीकडे आलेली, काळीसावळी, उंच. माहेर साताऱ्याकडचं, तिकडच्या कोरड्या माळावरचं, म्हणून पाण्याचा एक थेंब सांडला तरी ओरडायची. नवरा लष्करात, वर्षातून एकदा सुट्टीवर येणारा. घडाला देठाशिवाय कुठे बोट लागू न देता, मण्यावरची पांढुरकी भुकटी न पुसता घड पेटीत निजवावा तर तिनेच. ‘निजवणं’ हा तिचाच शब्द. नवीन बायकांना सांगायची, ‘बाळाला पाळण्यात घालताना डोकं धरतीस ना गं? तसा देठ धर.’ टोळीचा वेग ती ठरवायची, ओवी कुणी उचलायची ते ती ठरवायची, आणि तरुण शकू फार चहाटळपणा करू लागली की तिच्या पाठीत गुद्दाही तीच घालायची.

हौसाक्काचं आणि माझं नातं मात्र द्राक्षांचं नव्हतं, पत्रांचं होतं. मी पाचवीत असल्यापासून तिच्या नवऱ्याची पत्रं मी वाचून दाखवायचे आणि उत्तरं लिहायचे. मी सांगलीला गेल्यावर माझ्या सुट्टीसाठी ती पत्रं साठवून ठेवायची. दुसऱ्या कुणाकडे जात नसे. पदरात भाजलेल्या शेंगा घेऊन यायची आणि उंबऱ्याशी बसायची. ‘ल्ही. हिकडं समदी खुशाल हायेत. म्हस गाभण हाय. थोरल्याला ताप आलता, आता उतरलाय.’ लिहून झालं की म्हणायची, ‘आता वाच. ल्हिलंय तसंच वाच हां विजू. तुझ्या पदरचं घालू नगो आन् माझ्यातलं काय काढू नगो.’ एकदा त्याच्या पत्रात पलटणीतला शेजारच्या गावचा कुणी बर्फात गेल्याचं होतं. मी दहा-अकरा वर्षांची. त्या ओळीवर अडले आणि पुढच्या ओळीवर उडी मारायला निघाले. तिने माझी हनुवटी धरून तोंड वर केलं. ‘थांबलीस का? काय हाय ते वाच. मी रडीन न्हाईतर न्हाई. पर ते माझं हाय, तुझं न्हाई.’ मी वाचलं. त्या दिवसापासून तिचा माझ्यावर असा विश्वास बसला की पुढे गावात कुणी कसलाही कागद आणला तर ती म्हणायची, ‘विजू वाचंल ते खरं.’

पहिला माल निघायच्या आधी आठवडाभर व्यापाऱ्याकडून इंग्रजी कागदांचा गठ्ठा आला. पॅकिंगमध्ये कसं वागायचं त्याचे नियम. आबांनी तो माझ्या हातात ठेवला आणि चौघांत म्हणाले, ‘आमच्या विजूचं काम हाय ते.’ तीन वर्षं मी परक्या भाषेतल्या कविता पाठ करत होते, त्यांचं काय करायचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. मला आभाळ ठेंगणं झालं. मोठा कोरा कागद घेतला, पट्टीने समास आखला, शाई बदलली आणि दोन संध्याकाळी बसून मराठी केलं. नखं कापलेली असावीत. केस टोपीत झाकलेले असावेत. तोंडाला फडकं असावं. फळावर बोलू नये. कामाच्या जागी खाऊ नये, तंबाखू मिश्री नको. सहावा नियम दागिन्यांचा होता आणि तो दोन वाक्यांचा होता. पहिल्या वाक्याचा अर्थ, काचेचे किंवा खड्यांचे दागिने घालून आत येऊ नये, काचेचा तुकडा पेटीत जाऊ शकतो. दुसऱ्या वाक्याचा अर्थ, लग्नाची खूण म्हणून किंवा रिवाजाने घातलेली वस्तू काढणं शक्य नसेल तर ती पूर्ण झाकून घेतली तरी चालेल.

दुसरं वाक्य मी लिहिलं नाही.

कागदावर जागा पुरली नाही, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आले. जागा होती. सहाव्या नियमाखाली दोन ओळी मोकळ्या सुटल्या होत्या आणि पानाचा तोल जाऊ नये म्हणून मी त्या तशाच ठेवल्या. खरं कारण सांगायचं तर मला त्या वाक्याची लाज वाटली. साहेबाच्या देशातल्या कुणीतरी, इकडच्या बायका काही बांगड्या काढायच्या नाहीत, त्यांना सवलत द्या, असं समजुतीने लिहिलं होतं, आणि ती समजूत मला अपमानासारखी लागली. आम्ही काही तितके मागासलेले नाही, हे मला दाखवायचं होतं. मी नाही का माझे हात मोकळे केले? शिवाय मनात एक गोड कल्पना होती, की बायकांना ह्या काचेतून सोडवण्याचं एक चांगलं काम माझ्या हातून आपोआप होईल. त्यांना विचारायचं मात्र माझ्या मनात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी टोळी पॅकिंगमध्ये जमली. मी रिकाम्या क्रेटवर उभी राहिले आणि मोठ्याने वाचू लागले. बायकांनी त्याची मजाच केली. टोपीचा नियम आला तेव्हा शकू म्हणाली, ‘म्हंजी आता आमी डाक्टरीणबाई! मिरजंला जाऊन आपरेशनच करतो की!’ मिश्रीचा आला तेव्हा सगळ्यांनी एका म्हाताऱ्या बाईकडे बघितलं आणि ती म्हणाली, ‘माज्याकडं काय बगताय? मी घरनंच लावून यीन.’ फळावर बोलू नये म्हटल्यावर शकूने तोंडावर हात धरला. ‘ह्ये लय अवगड हाय गं विजूताई. हौसाक्काला सांग, ती आमच्या तोंडाला सुई-दोरा घालंल.’ मग मी सहावा वाचला.

हसणं थांबलं. तुम्हाला कदाचित कळणार नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. कासारीण नवीन बांगड्या भरते तेव्हा जुन्यातली एक हातात राहू देते आणि नवी चढल्यावरच ती काढते, कारण नवरा जिवंत असताना क्षणभरही हात मोकळा राहू नये. बाईचे दोन्ही हात मोकळे होतात ते एकाच दिवशी. मला हे सगळं माहीत होतं. इंग्रजी शिकल्यामुळे ते विसरायला होत नाही.

हौसाक्का मागे उभी होती. ती पुढे आली. तिच्या हातात दोन्हीकडे हिरव्या काचेची डझनभर काकणं होती, इतकी घट्ट की मनगटावर वळ उठलेले. ‘विजू,’ ती म्हणाली, ‘कागदात आजून काय हाय का गं? लगीन झालेल्या बायांचं काय येगळं ल्हिलंय का?’

तिने इतकं नेमकं विचारलं की मला वाटलं हिला वाचता येतं की काय. मूळ इंग्रजी कागद माझ्या मराठी कागदाच्या खालीच होता. मी म्हणाले, ‘नाही.’

‘बरं बघ एकदा.’

‘बघितलंय आक्का. एवढंच आहे.’

‘मग न्हाई जमायचं,’ ती म्हणाली. आवाज चढवला नाही. ‘माझा माणूस तिकडं बर्फात हुबा हाय आन् मी हितं हात मोकळं करू? एका द्राक्षासाठी?’

आबांनी समजावलं. ‘हौसा, दीड-दोन महिन्याचा सवाल हाय. आत येताना काढायची, भायेर पडताना घालायची. कोण बगतंय?’

‘आबा, कोण बगतंय म्हून घालत न्हाई मी. आन् ही निघायची न्हाईत, वाढवाय लागतील. तुमी वाढवा म्हणताय का? तुमच्या तोंडानं म्हणा, मग बगू.’

असं तोंडाने कोण म्हणणार? ती डोक्यावरची नवी टोपी काढून, नीट घडी घालून क्रेटवर ठेवून निघून गेली. मी तिथेच उभी होते, माझ्या पायांशी ती टोपी. कागद माझ्या हातात होता आणि तेव्हाही, तिला दारातून हाक मारून, थांब आक्का, राहिलंय एक वाक्य, असं म्हणायला पुरेसा वेळ होता. गाडीला पोचायला उशीर झाला की माणूस घाई करतो. इथे मला कसलीच घाई झाली नाही.

बाकीच्या बायकांनी काय केलं ते सांगते. दारात एक परात ठेवली गेली. ज्यांच्या सैल होत्या त्यांनी साबण लावून काढल्या आणि आपापल्या दोऱ्यात ओवून परातीत ठेवल्या. दोन म्हाताऱ्या विधवा होत्या, त्या परातीकडे न बघता आत गेल्या. शकूचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. तिने काढताना चेष्टा करायचा प्रयत्न केला, ‘माझ्या दाल्ल्याला काय हुतंय, उलट सुटंल बिचारा,’ पण कुणी हसलं नाही आणि तिचेच डोळे भरून आले. दोन्ही मनगटांना तिने काळा दोरा बांधला. मी त्यावर काही बोलले नाही, नियमात दोऱ्याचं काही नव्हतं. त्या दिवसापासून पॅकिंगमध्ये कात्र्यांचा आणि चिकटपट्टी ओढल्याचा आवाज तेवढा राहिला. पूर्वी बागेत काम चाले तेव्हा ओवी चालायची, बांगड्या किणकिणायच्या, लांबूनसुद्धा टोळी कुठल्या ओळीत आहे ते आईला कळायचं. आता शेड हाकेच्या अंतरावर असून आई विचारायची, ‘आल्यात का गं बाया?’

हौसाक्काला काम मिळालं ते गावाबाहेरच्या बेदाण्याच्या शेडवर. तिथे काकणांना कुणाची ना नव्हती. तिथला माल देशातच खपायचा. पण ते काम वेगळं. उन्हाचं, धुळीचं, आणि गंधकाच्या धुरीचं. टोळीची मुख्य म्हणून चार गावांत जिचं नाव होतं ती आता तिथे खाली बसून काड्या वेचत होती. तिची पत्रं यायची थांबली नव्हती. ती घेऊन माझ्याकडे ती दोन वेळा आली, उंबऱ्याशी बसली, शेंगा दिल्या, उत्तर लिहवून घेतलं. पॅकिंगचं एक अक्षर त्यात लिहायला सांगितलं नाही. ‘हिकडं समदी खुशाल हायेत.’ मी लिहिलं. परत वाचून दाखवलं. तिच्या डोळ्यांच्या कडा लाल होत्या आणि ती सारखी पदराने नाक पुसत होती. मी विचारलं नाही.

माल घेणाऱ्यांकडची बाई तपासणीला आली ती हंगाम उतरणीला लागल्यावर. इंग्लंडची, पन्नाशीची, उन्हाने लालबुंद झालेली. गावात गोरी बाई म्हणजे पोरं झाडावर चढली. आई तिच्यासाठी पहाटेपासून पुरण वाटत होती. बाईने पहिली पोळी खाल्ली, दुसरी मागितली, आणि आईने मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, ‘कपाळाला कुंकू न्हाई, मंगळसूत्र न्हाई, नवरा हाय का हिला?’ मी हसून गप्प बसवलं. त्याचं उत्तर थोड्याच वेळात मिळालं. पॅकिंगच्या दारात बाई थांबली, खिशातून निळी चिकटपट्टी काढली आणि डाव्या हातातल्या साध्या अंगठीभोवती ती नीट गुंडाळू लागली. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘लग्नाची आहे. सत्तावीस वर्षांत काढली नाही, आता बोटातून निघतही नाही.’ मग टोपी घालून आत गेली.

ती पेट्या बघत गेली, तक्ता लावून रंग बघितला, खूश झाली. परत येताना शकूच्या टेबलाशी थांबली आणि तिच्या काळ्या दोऱ्याकडे बघत राहिली. मला इंग्रजीत म्हणाली, ‘इथल्या लग्न झालेल्या बायका काचेच्या बांगड्या घालतात ना? मी तसं वाचलं होतं. म्हणून आम्ही त्या नियमात झाकण्याची सोय ठेवली. मी कापडी बाह्याही आणल्यात, गाडीत आहेत. यांना काढायला का लावल्या?’

सगळ्या बायका मान खाली घालून काम करत होत्या. आबा शेजारी उभे होते, हसत, काही न कळता. मी म्हणाले, ‘त्यांनी स्वतःहून काढल्या. त्यांना तेच बरं वाटलं.’

‘काय म्हणत्यात गं?’ आबांनी विचारलं.

‘म्हणतात, स्वच्छता फार छान आहे.’

‘थँक्यू, थँक्यू,’ आबा म्हणाले आणि त्यांनी तिला हात जोडले. बाईने माझ्याकडे क्षणभर बघितलं. तिला काही शंका आली का, मला माहीत नाही. बाह्यांचा गठ्ठा तिने जाताना माझ्या हातात दिला. मी तो माझ्या खोलीतल्या पेटीत तळाशी ठेवला. दोन भाषा येणारं माणूस दोन्हीकडे एकदम खोटं बोलू शकतं आणि दोन्हीकडे त्याचे आभार मानले जातात, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. दर वर्षी नव्या वर्गासमोर उभी राहिले की ते आभार आठवायचे.

पुढचे चार दिवस मला जेवण गेलं नाही. आईला वाटलं ऊन लागलं. शेवटी तिला सगळं सांगितलं. ती कांदा चिरत होती, चिरत राहिली. मग म्हणाली, ‘हौसाला सांग. तिला तरी सांग. आबास्नी आत्ता नगो. धा दिवस राहिल्यात हंगामाचं, गावात त्यांची मान ताठ हाय, ती ऱ्हाऊ दे.’

बेदाण्याची शेड माळावर होती. जाळीच्या मजल्यांवर द्राक्षं वाळत घातलेली, वाऱ्याने हिरव्या कापडाचे पडदे हलत होते आणि गंधकाचा वास घशाला टोचत होता. हौसाक्का एकटीच बाजूला बसून काड्या निवडत होती. मला बघून तिने नाकावरचं फडकं खाली केलं. ‘पत्र आलं व्हय?’

‘नाही आक्का. पत्र नाही.’ मी तिच्यासमोर बसले आणि एका दमात सांगून टाकलं. सहावा नियम दोन वाक्यांचा होता, दुसरं मी लिहिलं नाही, तू विचारलंस तेव्हा नाही म्हणाले. बाई आली होती तीही तेच म्हणाली. तुला काकणं झाकून काम करता आलं असतं.

तिचे हात चालत राहिले. चार काड्या काढल्या, पाचवी काढली. ‘म्हंजी ल्हिलेलं हुतं.’

‘होय.’

‘आन् मी इचारलं तवा तुला म्हाईत हुतं.’

‘होय.’

मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बराच वेळ परातीतले बेदाणे बोटाने इकडून तिकडे करत राहिली. मग तिने मान वर केली आणि मला कधी सुचलंही नव्हतं ते विचारलं. ‘विजू, माझ्या माणसाच्या पत्रांत बी कवा काय गाळलंस का गं?’

‘नाही आक्का! कधीच नाही. शप्पथ.’

‘शप्पथ,’ ती म्हणाली. ‘आता मी तुझी शप्पथ कशावर तोलू, सांग. धा-अकरा वर्सांची पत्रं हायेत माझ्या टरंकंत. मला वाटायचं समदी मला पाठ हायेत. आता काय पाठ हाय मला? त्यांनी ल्हिलेलं का तू वाचलेलं?’

मी रडू लागले. तिने माझे डोळे पुसले नाहीत. लहानपणी पुसायची. ‘रडू नगो. रडून काय हुतंय? तू समद्यांफुडं चढून वाचलंस, तसंच आता समद्यांफुडं चढ आन् ऱ्हायलेलं वाच. शकूला ऐकू दे, त्या पोरीनं दोरा बांदलाय. आबास्नी ऐकू दे. मंग मी पत्र घिऊन यीन तुझ्याकडं. उद्या सकाळी यिते मी, तारंपाशी हुबी ऱ्हाते.’

‘आबांना फार लागेल आक्का.’

‘लागंल की,’ ती म्हणाली आणि फडकं परत नाकावर घेतलं.

सकाळी मी लवकर उठले. कात्र्या लावल्या. इंग्रजी कागद शोधून काढला, त्या वाक्याचं मराठी स्वच्छ अक्षरात एका चिठ्ठीवर लिहिलं आणि ती कमरेला खोचली. कापडी बाह्यांचा गठ्ठाही पेटीतून काढून पॅकिंगमध्ये नेऊन टेबलाखाली ठेवला. बायका टोप्या घालून आपापल्या जागी उभ्या राहिल्या. आबा दारात होते, मुंबईच्या व्यापाऱ्याचा माणूस त्यांच्याबरोबर, आणि आबा त्याला सांगत होते, ‘समदे कागद आमची मुलगीच बगती. इंग्लिशमधी हाय ती.’ जाळीतून मला कुंपणाची तार दिसत होती. तारेपलीकडे हौसाक्का उभी होती, डोक्यावर पदर, एका हाताने तार धरलेली. उन्हात तिची काकणं चमकत होती.

मी क्रेटवर चढले. सगळ्या माना वर झाल्या. शकूने टोपी कानामागे सारली, नीट ऐकू यावं म्हणून. चिठ्ठीवर माझा हात होता. आबा माझ्याकडे बघून हसले आणि त्या माणसाला म्हणाले, ‘बगा आता.’

‘आज गाडी चारला आहे,’ मी म्हणाले. ‘त्याआधी डाव्या बाजूच्या सगळ्या पेट्या भरून व्हायला पाहिजेत. घडांवर ठेवायचं कागदी पॅड विसरू नका.’

आणि खाली उतरले. कात्र्या सुरू झाल्या. हौसाक्काला जाळीतून शब्द ऐकू आले नसणार, पण मी किती वेळ उभी राहिले आणि बायकांनी लगेच मान खाली घातली हे तिला दिसलं असणार. ती थोडा वेळ थांबली. मग तिने तारेवरचा हात काढला आणि माळाच्या वाटेला लागली. आबांनी तिला जाताना पाहिलं.

‘हौसा कशाला आलती गं?’ त्यांनी विचारलं.

‘सहज आली असेल,’ मी म्हणाले आणि पुढची पेटी ओढली.